आकड्याकडे किती वेळा बघशील गं?

हे बघ, आधी ते गुगल स्कॉलरचं पान बंद कर. सकाळी परळला उतरताना बघितलंस, दुपारी लेक्चर आटोपल्यावर बघितलंस आणि आता कुकर लावून पुन्हा तेच. बारा तासांत तिथे काही हलत नाही गं. कुणीतरी तुझा पेपर वाचणार, मग स्वतःचा लिहिणार, तो कुठल्यातरी जर्नलकडे कित्येक महिने अडकून पडणार, आणि छापून आला की मग कुठे तुझ्या खात्यात एक साइटेशन पडणार. वर्ष-दीड वर्ष सहज जातं यात.

तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला. सात पेपर, एच-इंडेक्स चार, मैत्रिणीचा नऊ. असोसिएट प्रोफेसरची मुलाखत तोंडावर, लेकीची घटक चाचणी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यात हेल्थ सेंटरची ड्यूटी. आणि शेवटी लिहिलंयस, ‘ताई, मी संशोधनाच्या लायकीचीच नाही बहुतेक.’ खरं सांगू का, बाकी सगळं वाचून माया आली, या वाक्याचा मात्र राग आला. पेशंटला एका रिपोर्टवरून निकाल सांगत नाहीस ना? मग स्वतःला कशी सांगतेस?

तुझेच आकडे घेऊ या. 19, 11, 6, 4, 3, 1 आणि 0. उतरत्या क्रमाने लावले. चौथ्या पेपरला निदान चार साइटेशन्स हवीत, ती आहेत. पाचव्याला पाच हवीत, आहेत तीन. म्हणून तुझा एच-इंडेक्स चार. झालं, एवढंच गणित. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये काढलेलं. आता यातली गोम बघ. उद्या तुझ्या त्या 19 वाल्या पेपरची 190 झाली तरी एच-इंडेक्स चारच राहणार. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधी कमी होत नाही. तुझी मैत्रीण तुझ्या आधी नोकरीला लागली, आणि ती कार्डिऑलॉजीत. तिथे जगभर लिहिणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे एकमेकांचे संदर्भ देणाऱ्यांचीही गर्दी. तू मेडिकल एज्युकेशन आणि पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात. दोघींचे आकडे शेजारी ठेवून रडत बसण्यात काहीच अर्थ नाही. गुगल स्कॉलर प्रबंध, अहवाल असलं बरंच काही मोजतं, स्कोपस तेवढं मोजत नाही, म्हणून तुझेच आकडे दोन ठिकाणी दोन दिसतात. दोन्ही खरेच.

आणि आणखी एक ऐक, म्हणजे जरा पाठ ताठ होईल. दिल्लीच्या डॉ. समीरन नंदींनी दोन सहकाऱ्यांबरोबर 2016 मध्ये एक हिशेब मांडला होता. देशातल्या 579 वैद्यकीय संस्था घेतल्या आणि 2005 ते 2014 या दहा वर्षांत कुणी किती छापलं ते बघितलं. 332 संस्थांच्या नावावर एकही पेपर नव्हता. व्यक्तींच्या नाही गं, अख्ख्या संस्थांच्या! तू ओपीडी, प्रॅक्टिकल आणि घर सांभाळून सात लिहिलेस.

मुलाखतीचं भूतही उतरवून टाकू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, म्हणजे एनएमसीची, 2022 ची शिक्षक-पात्रतेची नियमावली आठव. असोसिएटसाठी दोन पेपर लागायचे, प्रोफेसरसाठी चार. जर्नल ठरावीक सूचींपैकी एकीत असावं लागायचं, आणि लेखकांच्या यादीतली जागाही नियमात बसावी लागायची. मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स आणि बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स, दोन्हींची प्रमाणपत्रं लागायची. एच-इंडेक्सचा त्यात उल्लेखही नव्हता. हे नियम फार पटापट बदलतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गोषवाऱ्यावर जाऊ नकोस, ताजं राजपत्र स्वतः डाऊनलोड कर आणि तुझ्या कॉलममध्ये पेन्सिलने खुणा कर.

आता मुद्द्याचं. साइटेशन म्हणजे काय असतं? दिवाळीत चाळभर फराळाची ताटं फिरतात, सगळ्याजणी ‘छान झालंय हं’ म्हणतात. पण एखादी दुपारी वही घेऊन येते आणि चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहून नेते. ती वहीवाली म्हणजे साइटेशन. तिला कौतुक करायचं नसतं, तिला उद्या चकल्या करायच्या असतात. म्हणून लिहायला बसलीस की एकच विचार, माझ्या पेपरमधून दुसऱ्या कुणाला काय उचलून नेता येईल? 2014 मध्ये ‘नेचर’ने जगातल्या सर्वाधिक साइटेशन्सच्या शंभर पेपरांची यादी छापली होती. पहिला कुठला होता सांग? 1951 मधला, प्रथिनं मोजायची पद्धत सांगणारा लॉरी आणि सहकाऱ्यांचा पेपर, तीन लाखांहून जास्त साइटेशन्स. त्यात जग हलवणारा शोध नाही. रोज लागणारी एक कृती आहे, आणि ती नीट लिहिलेली आहे.

फार लांब कशाला, तू रोज ज्या रस्त्याने जातेस तिथलंच सांगते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी 1931 मध्येच छापलं होतं, ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये. काम चोख, पण देशाबाहेर फारशी दखल कुणी घेतली नाही. मग आपल्या केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी तेच औषध रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर वापरून बघितलं आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. तिकडे बॉस्टनमध्ये डॉ. विल्किन्स यांनी ते औषध आपल्या रुग्णांना देऊन बघितलं, 1952 मध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं, आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. सेन-बोस कुठे कमी पडले? ज्याला ते उपयोगी पडलं असतं, त्याच्या टेबलापर्यंत त्यांचा पेपर पोचला नाही, एवढंच. काय अन्याय म्हणायचा तो म्हण, मलाही तो अन्यायच वाटतो.

पण तुला लंडनला जायची गरज नाही. जी. एस. मेडिकल आणि केईएमच्या स्टाफ सोसायटीचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ 1955 पासून परळमधूनच निघतंय, आणि पबमेडवर नायजेरियातल्या डॉक्टरलाही सापडतं. तू फक्त तुझं लेखन सापडेल असं ठेव. तुझ्या शून्यवाल्या पेपरचं शीर्षक मी वाचलं. ‘एका नव्या वाटेचा शोध’ छापाचं काहीतरी, इंग्रजीत आणखीच भारदस्त. अगं, शोधणारी बाई पबमेडवर काय टाइप करणार? ‘टीबी, समुपदेशन, इंटर्न, मुंबई’. यातला एक शब्द तरी तुझ्या शीर्षकात आहे का? काव्य लेकीच्या स्नेहसंमेलनासाठी राखून ठेव.

आता नावाचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे दुखणं खास आपलं आहे. तुझे तीन पेपर माहेरच्या आडनावाचे, चार सासरच्या. त्यातही मधलं नाव आधी बाबांचं, मग नवऱ्याचं, म्हणजे आद्याक्षरसुद्धा बदललं. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि दोघींचा एच-इंडेक्स वेगवेगळा. माझी कथा तर विचारूच नकोस. एका जर्नलने माझं पूर्ण नाव घेतलं आणि मधलं नाव आडनाव म्हणून छापलं. त्यामुळे माझे दोन पेपर आजही आमच्या यजमानांच्या पहिल्या नावावर आहेत, आणि ते आयुष्यभर बँकेत होते! तेव्हा आजच्या आज ऑर्किड आयडी काढ. सोळा आकडी नंबर असतो, फुकट मिळतो, आडनाव बदललं तरी तो बदलत नाही. मग स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये जाऊन माहेरचे तीन पेपर स्वतः जोड. स्कोपसला दोन प्रोफाइल एकत्र करायची विनंती पाठव, ते करतात. आणि यापुढे कुठलं नाव लावायचं ते एकदाच ठरव. माहेरचं लाव, सासरचं लाव, दोन्ही जोडून लाव. घरात कुणाला काय वाटेल याचा विचार नंतर. लायब्ररीच्या दृष्टीने तू एकच व्यक्ती असली पाहिजेस.

रोज सकाळी इनबॉक्समध्ये येणारी ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे, एमिनंट प्रोफेसर’वाली पत्रं उघडू नकोस. सात दिवसांत छापतो म्हणणाऱ्याने तुझा लेख वाचायचा कधी? त्यांच्या साइटवर ‘इंडेक्स्ड’ म्हणून लोगोंची रांग असते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपण पबमेडवर जायचं, मुक्त जर्नलांची सूची असलेल्या डीओएजेवर जायचं, आणि जर्नलचं नाव तिथे सापडतं का ते बघायचं. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या यादीतलाच खरा, बाकी कुणीही काहीही छापतं. पैसे देऊन लेखकांत नाव घालून देणारेही भेटतील, मुलाखतीच्या हंगामात तर जास्तच. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आणि ‘तू माझे पेपर साइट कर, मी तुझे करते’ असा भिशीचा गट कुणी काढला तर नम्रपणे बाहेर पड.

विभागप्रमुखांचं नाव घालायचं का, हे तू कुजबुजत्या सुरात विचारलंयस. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्यात. कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्याची जबाबदारी. चारही हव्यात. सरांना मसुदा पाठव, लेखी सूचना माग, आराखड्यावर त्यांच्याशी बस. त्यांनी खरंच काम केलं तर हक्काने नाव घाल. नाहीच केलं तर आभारात उल्लेख. भांडू नकोस, अटींचा कागद मसुद्यासोबत जोड, म्हणजे बोलायचं काम कागद करतो. आणि वस्तीत उन्हातान्हात फिरून तुझे फॉर्म भरणाऱ्या आरोग्यसेविका आभारांत राहून गेल्यात, ते मात्र तू विसरलीस कशी?

आता तुझा तो इंटर्नचा प्रकल्प. टीबीच्या पेशंटशी कसं बोलावं याचं सत्र घेतलंस, नाटुकलं बसवलंस, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतला आणि जवळजवळ सगळ्यांनी ‘खूप आवडलं’ लिहिलं. बाई गं, समोसा दिला असतास तरी त्यांनी हेच लिहिलं असतं! डोनाल्ड किर्कपॅट्रिकने 1959 मध्ये प्रशिक्षण मोजायच्या पायऱ्या सांगितल्या. आवडलं का, शिकले का, वागण्यात उतरलं का, आणि शेवटी पेशंटला फरक पडला का. आपल्याकडचे ढीगभर पेपर पहिल्या पायरीवर बसून राहतात. 2019 मध्ये नवा अभ्यासक्रम आला, फाउंडेशन कोर्स आला, वागणं-नीती-संवाद शिकवणारं अ‍ॅटकॉम आलं, आणि ‘विद्यार्थ्यांना आवडलं’चा पूर लोटला. त्यात आणखी एकाची भर नको.

तू असं कर. सहा महिन्यांनी तीच मुलं ओपीडीत बसतील तेव्हा त्यांचं बोलणं बघ. पेशंटला बसायला सांगितलं का, गोळ्या किती महिने ते त्याच्या भाषेत सांगितलं का, लघवी लाल होईल म्हणून आधीच सावध केलं का, घरातल्या लहान मुलांबद्दल विचारलं का. अशी दहा-बारा कलमांची चेकलिस्ट मराठीत कर. तू आणि आणखी एकजण, दोघी स्वतंत्रपणे गुण द्या, मग दोघींचा मेळ किती बसतो ते बघ. एथिक्स कमिटीचं पत्र आधी, गोळा केलेल्या माहितीला मागाहून मंजुरी मिळत नाही. ज्या मुलांचे इंटर्नल मार्क तुझ्या हातात आहेत त्यांची संमती दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग, नाहीतर कोण बिचारं नाही म्हणेल? आणि छापताना ती चेकलिस्ट अख्खीच्या अख्खी परिशिष्टात दे. सोलापूरची, सांगलीची, चंद्रपूरची तुझ्यासारखीच एखादी ती उचलेल. हेच ते भाजणीचं प्रमाण.

एकटीने घोडं अडलं तर मदत तुझ्या दारात आहे. फायमर या अमेरिकी संस्थेचं पहिलं प्रादेशिक केंद्र जी. एस. मेडिकलमध्ये 2005 मध्ये सुरू झालं, डॉ. अविनाश सुपे यांच्या पुढाकाराने. त्या फेलोशिपला आपलाच असा एक प्रकल्प घेऊन यायचा असतो. आणि सुपे सर पोटाचे सर्जन बरं का, पुढे केईएमचे डीन झाले, तरी मुलांना शिकवायचं कसं यावर लिहीतच राहिले. तेव्हा ‘मेडिकल एज्युकेशन म्हणजे काय, सॉफ्ट विषय’ म्हणणाऱ्यांना खुशाल म्हणू दे.

धीराचं म्हणशील तर समोर टाटा मेमोरियल आहे. त्यांनी 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखावर बायका घेऊन स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या, आणि गर्भाशयमुखासाठी साधन काय, तर व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि डोळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, हे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांचं म्हणणं छापून आलं 2014 मध्ये. स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष डॉ. इंद्रनील मित्रांनी 2021 मध्ये ‘बीएमजे’त मांडले. तेवीस वर्षं, गं! त्यावर टीकाही झाली, तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का म्हणून. प्रश्न रास्त होता. पण गंमत बघ, टीकेच्या लेखातही मूळ पेपरचा संदर्भ दिला की तेही साइटेशनच. मोजणाऱ्या यंत्राला शाबासकी आणि चपराक यांतला फरक कळत नाही.

आणि काही गोष्टी त्याला दिसतच नाहीत. केईएममध्ये डॉ. भेंड्यांना असं रक्त सापडलं की ‘ओ’ गटाचं रक्तसुद्धा त्याला चालेना. 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन पानांत मावेल एवढा पेपर आला, आणि त्यातूनच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव पुढे रुळलं. आज रात्री एखाद्या ब्लड बँकेतला पोरगा फोनवर ‘बॉम्बे ग्रुपचा डोनर आहे का?’ म्हणून ओरडतो तेव्हा तो 1952 चा संदर्भ देत नाही. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांचं बघ. गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू किती घटले ते 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं, साइटेशन्स भरपूर मिळाली. पण 2011 पासून सरकारने आशाताईंना घरोघर नवजात बाळ बघायला धाडलं, त्यातल्या किती भेटी स्कॉलरच्या पानावर दिसतात?

म्हणून मुलाखतीआधी एक काम कर. तुझ्या त्या 19 या आकड्यावर टिचकी मार. कोण आहेत त्या एकोणीसजणी आणि एकोणीसजण, ते एकेक उघडून बघ. कुणी नुसतं ‘अमक्यांनीही असंच म्हटलंय’ म्हणून यादीत टाकलंय, कुणी तुझी प्रश्नावली वापरलीये, कुणी तुझी चूक दाखवलीये. प्रश्नावली वापरणारे वेगळे लिहून काढ. पॅनेलवर कुणी ‘तुमचा एच-इंडेक्स फक्त चार?’ विचारलंच, तर ‘हो सर, चार’ म्हण, आणि लगेच त्या कागदावरचं सांग. माझी प्रश्नावली कुठल्या कॉलेजने वापरली, त्यांना काय सापडलं, त्यावरून मी पुढे काय बदललं. आवाज खाली नको. हे उत्तर तिथे फार थोड्यांकडे असतं.

तो एक साइटेशनवाला पेपरही उघड. कधीकधी सगळ्यात कामाचा माणूस तिथेच भेटतो, त्याला मेल टाकता येते, पुढचा प्रकल्प दोघांना मिळून करता येतो.

रविवारी सकाळी दादरला ये, चेकलिस्टचा कच्चा कागद घेऊन. टेबलं-आलेख नकोत, नुसती कलमं. आपण बसून निम्मी खोडू. लेकीला बरोबर आण, तिची घटक चाचणीची उजळणी आमचे यजमान घेतील. दोन पेपर आहेत म्हटलं त्यांच्या नावावर!